जायफळ कमी आहे

गारठलेल्या पावसाने तिसऱ्या रात्री
विजेच्या तारा खाली आणल्या
आणि जॉन्स्टन काउंटीत, आमच्या रस्त्यावर,
पाइनची झाडं काचेची होऊन
एकेक फांदी सोडू लागली.
बंदुकीसारखा आवाज. मग काहीच नाही.

खोकं भरून रताळी होती घरात,
पॅकिंग शेडमधून कामगारांना मिळतात तसली,
दुकानात कुणी घेणार नाही अशी:
एक बदकासारखं, एकाला दोन पाय,
एक तर थेट आमच्या पाद्रीबुवांचं नाक.
ऑक्टोबरात काढलेली.
काढल्यावर आठवडाभर त्यांना
उबदार, दमट खोलीत निजवतात,
यंत्राच्या दातांनी केलेल्या जखमा भरून येईपर्यंत.
घाईने खाल्लं तर पिठूळ लागतं.
गोडी नंतर येते, अंधारात, कोणी बघत नसताना.
अठरा वर्षं मी त्या खोलीचं दार उघडते, लावते.
याचा कधी फार विचार केला नव्हता.

फॉइलमध्ये गुंडाळून सात रताळी
लाकडाच्या शेगडीत निखाऱ्यांशी सरकवली,
तेवढ्यात अंगणात गाडीचे दिवे.

आर्डिथ. तीन मुलं, एक ओला कुत्रा.
दारात उभी राहिली, माझ्या खांद्यावरून आत बघत.
बोलला तो तिचा धाकटा, टोबिन:
"मावशी, तुमच्याकडे ऊब आहे का?"

तीन वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
आईला पुरून आलो त्या दुपारी,
शेजाऱ्यांनी आणलेलं हॅम अजून टेबलावर असताना
भांडलो. घरावरून नाही, जमिनीवरून नाही,
एका लोखंडी तव्यावरून.
काळा, खोल, जड,
तीन बायकांच्या हातचं लोणी प्यालेला.
मी तो कोटाखाली लपवून आणला.
हो, आणला.

आता तोच शेगडीवर होता,
झाकायला काही सुचेना.

रताळी मऊ झाली. सालं
ओल्या मोज्यांसारखी निघाली.
बोटं भाजली, फुंकर मारली, पुन्हा सोललं.
तव्यात लोणी, ते किंचित तांबूस होऊन
बदामासारखा वास सुटेपर्यंत;
मग सगळा केशरी गर,
लाकडी चमच्याने, गुठळी राहू न देता.
क्रीम एकदम ओतायचं नाही.
आधी थोडं. घोटायचं. मग थोडं.
मीठ. मिरी जराशी जास्तच.
आईच्या कागदावर प्रत्येक मापाच्या जागी
एकच शब्द होता: पुरेसं.

मोठीच्या पिशवीत मार्शमेलोचं पाकीट होतं.
आर्डिथ वरून तेच घालते, पांघरुणासारखं.
मी काही बोलले नाही.
तिनेही पाकीट उघडलं नाही.
ती शेगडीला पाठ लावून उभी होती,
वळली, तव्यात बोट बुडवलं,
चाटलं. छताकडे बघितलं.

"जायफळ कमी आहे."

तीन वर्षांतलं पहिलं वाक्य.
मी किसणी दिली, जायफळ दिलं.
ती किसत राहिली, गरजेपेक्षा
बराच जास्त वेळ.

मेणबत्तीत जेवलो. डब्यातल्या शेंगा,
हॅमचे काप, शिळा पाव.
रताळ्याचं ते काही जेवण नव्हे,
ताटाच्या कडेला वाढायचं तोंडीलावणं.
एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या आम्ही दोघींनी
तेच आधी संपवलं.
कुत्र्याला पाद्रीबुवांच्या नाकाचं साल मिळालं.

रात्री मुलं गालिच्यावर ओळीने झोपली.
तवा तिने घासला.
साबण लावला नाही. जाड मीठ, कोरडं फडकं,
मग तेलाचं बोट, गोल गोल,
कडेपासून मध्यापर्यंत, आई करायची तसं.
मला वाटलं, आता नेणार.
तिने तो खिळ्याला अडकवला.

सकाळी अकराला फ्रिज गुरगुरू लागला.
उरलेलं रताळं मी डब्यात भरलं,
निळ्या झाकणाच्या.
"झाकण नीट बसत नाही याचं," ती म्हणाली,
गाडीत बसता बसता.
"मग धरून बस," मी म्हटलं. "आणि परत आण."