जुळं फूल

टॉरमड सत्तरीपार. एक गुडघा धातूचा.
तरी म्हणाला, काठी घेतो, चल.
स्पे नदीच्या वरच्या अंगाला
जुन्या पाईनचं रान,
खाली शेवाळ इतकं दाट
की पावलांना आपलाच आवाज येईना.
चिलटं मात्र होती, इथल्या जुलैत ती असायचीच,
कानात, भुवयांत, बोलायला उघडलेल्या तोंडात.

मी नकाशा बघत होते.
तो खुंट बघत होता.
"हा माझा," एकाला काठी टेकवत म्हणाला,
"चौऱ्याहत्तर साल. करवत बोथट होती."

मग काठी थांबली.
ब्लेबेरीच्या झुडपाआड
करंगळीएवढा देठ, वर दुभंगलेला,
दोन घंटा, फिक्या गुलाबी, माना खाली घातलेल्या,
भांडण झाल्यावर एकाच बाकावर बसलेल्या
दोन बहिणींसारख्या.

तो खाली बसला. म्हणजे आधी काठी, मग एक हात,
मग मी, मग उरलेला तो.
नाक टेकवलं.
"बदामाचा वास."
आणि थोड्या वेळानं, "तीस वर्षं ह्याच रानात
लाकूड ओढलं मी. घोड्यानं, मग ट्रॅक्टरनं."
पुढचं बोलला नाही.

मी सांगितलं, मला माहीत होतं तेवढं:
ही सगळी चटई, दोन गाड्या उभ्या राहतील एवढी,
एकच झाड आहे. सरकत, फुटवे टाकत पसरलेलं.
स्वतःच्या परागानं बी धरत नाही.
दुसरं झाड डोंगरापलीकडे, अकरा मैलांवर.
इतकं लांब कुठलीच माशी उडत नाही.

"म्हणजे दर वर्षी फुलतं."
"हो."
"आणि उगाच."
मी गप्प राहिले. तो शब्द मला तेव्हा पटला नाही,
अजूनही नाही.

त्यानं टोपी काढली.
पट्टीत खोचलेल्या पिसांच्या माश्या, ट्राउटच्या गळासाठी
हिवाळाभर शेकोटीशी बसून बांधलेल्या.
एक निवडली, तपकिरी, सर्वांत लहान,
पकडीनं आकडा मोडला
आणि जाड बोटांनी, श्वास रोखून,
घंटेच्या आत फिरवली.
मग दुसऱ्या. सातव्या फुलापाशी हात थरथरला.
थांबला.

गाडीत त्यानं टोपी उलटी करून मांडीवर धरली,
आत ती माशी.
उकडत होतं. चिलटंही आत शिरली होती.
मी काच खाली करायला गेले,
"नको," म्हणाला. "वारा."

अकरा मैल, बंद काचा.