तीन आटे

मूस जॉमध्ये नोव्हेंबरात पाचलाच अंधारतं.
गॅरेजचं दार मी अर्धं वर ठेवलंय,
कारण एल्डन आत येत नाही.
बाहेर बर्फात, उलट्या बादलीवर बसून
वाकड्या जबड्यानं तो सांगतो :
आधी मागच्या चाकांना ओंडके लाव, दार्का.

त्या जबड्याशी माझी जुनी ओळख.
एक्याण्णव साल, शनिवार, माझी रात्रपाळी.
त्याच्या बायकोनं टॉवेलात गुंडाळून आणलेला चेहरा
मी दोन्ही तळव्यांत धरून ठेवला होता
रिजायनाहून सर्जन येईपर्यंत.
सत्तर किलोमीटर, आणि वाटेत धुकं.
त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून मीच बोलत राहिले,
गव्हाचा भाव, हॉकीचा निकाल, काहीबाही.
स्प्रिंग म्हणजे मला तेव्हा पेनातली माहीत होती.

आता ही ब्यूमाँट. सहासष्टची, फिकट हिरवी,
निवृत्तीच्या पैशातून घेतलेला मूर्खपणा.
पुढून बसलेली, म्हाताऱ्या म्हशीसारखी.

घोड्या चॅसीखाली. हलवून बघ. परत हलव.
साखळी वेटोळ्यांतून ओव, चॅसीवरून घे, कडीत अडकव.
सैल असली तरी असू दे.
तिच्यासमोर थांबायचं नाही, जे करायचं ते बाजूनं.
सगळं सांगतो तो, पण स्प्रिंग म्हणत नाही कधी.
'ती' म्हणतो.

शॉक अॅब्झॉर्बर काढताना बोल्ट तुटला, गंजून पार गूळ झालेला.
मी आजोबांची एक युक्रेनियन शिवी दिली.
त्यांच्या भाषेतलं तेवढंच माझ्याकडे उरलंय.

आता जॅक, खालच्या आर्मखाली.
घोडीवरची गाडी केसभर उचलेल इतका दाब.
बॉल जॉइंटची पिन काढ. नट सैल कर.
'पूर्ण नको!' तो ओरडला, आणि बादली कलंडली.
'तीन आटे राहू देत. तीन!'
हातमोज्यातली तीन बोटं अंधारात वर.

मग जॅक थोडा खाली, आणि हातोडा.
जॉइंटवर नाही, त्याच्या शेजारच्या जाड लोखंडावर.
एक. दोन. चार.
काही नाही. खांद्यात कळ.
सातव्या घावाला
धाड.

फळीवरचे डबे हलले. माझं काळीज हललं.
आणि नट होता तिथेच, तीन आट्यांवर,
आतलं सगळं वेड अडवून धरलेला,
करंगळीच्या पेराएवढा.

मी दाराकडे पाहिलं. बादली रिकामी.
तो पार रस्त्यापाशी पोचला होता,
पाठमोरा, दोन्ही हात कानांवर.
मी हाक मारली नाही.

जॅक पुन्हा वर. नट हातानं फिरवून काढला.
नंतर जॅकचा स्क्रू, पाव वळण, थांब,
पाव वळण, थांब.
आर्म खाली येत गेला तशी ती लांबत गेली,
करकरत, कुरकुरत, दुखऱ्या पाठीचा माणूस
पलंगावरून उठावा तशी.
साखळी एकदाही ताणली नाही.
शेवटी कुशीवर वळली आणि माझ्या बुटाला टेकून पडली.

तिच्या वरच्या खोबणीत उंदराचं घरटं निघालं :
सीटचा कापूस, दोऱ्याचे तुकडे, मूठभर गहू.
कुठल्या सुगीचा, कोण जाणे.

बर्फावर पावलं वाजली.
तो वाकला, दाराखालून आत आला.
उभा राहिला थोडा वेळ. मग दोन्ही हातांनी तिला उचललं,
वजन केल्यासारखं खालीवर केलं.
'एवढीशीच आहे की,' म्हणाला.
'त्या दिवशी मी साखळी लावली नव्हती.
जेवण गार होत होतं.'

मी पाने पुसत राहिले.

निघताना त्यानं ती काखोटीला मारली.
'मॅव्हिसला दाखवतो. उद्या परत आणतो.'
दार खाली ओढता ओढता पुन्हा वाकून म्हणाला,
'दुसरी माझ्याशिवाय काढू नकोस.'