ओढायचं नाही

आधी दहा मिनिटं चालू ठेव, अण्णा म्हणाले,
गार असताना हात लावायचा नाही,
मधली पेस्ट वाळून डिंक झालेली असते.
म्हणून आम्ही दोघं
बोपोडीत, दुसऱ्या मजल्यावर, एप्रिलच्या दुपारी
एका टेकीला आलेल्या कॉम्प्युटरला
ताप चढायची वाट बघत बसलो.

सातव्या मिनिटाला तो आपला आपणच बंद पडला.
"पुरे. वायर काढ.
आता नळाला हात लाव.
पाणी नको सोडूस, नुसता पितळेला."
अंगातली वीज उतरवायची ही त्यांची रीत.
एकोणतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात फ्यूज जुळवले,
तिथं दारातच तांब्याच्या पट्टीवर तळवा टेकायचा,
मग आत.

आता ते हात मांडीवर असतात,
उजव्यानं डावा धरलेला.
चहाचा कप अर्धाच भरून द्यायचा
हे आमच्याकडे कुणी बोलून ठरवलेलं नाही.

कडी उलटी फिरवली.
पत्र्याची पकड सुटली, टक्.
पंखा उचलला तर खाली पात्यापात्यांत
घोंगडीसारखी धूळ:
माझे बारावीतले लांब केस,
आईची उदबत्ती,
खालच्या मुरुगेशनच्या गिरणीतलं पीठ.
टूथब्रशनं काढलं. अण्णांना तीन शिंका आल्या.

"आता ओढायचं नाही.
डावीकडे किंचित. उजवीकडे किंचित.
बरणीच्या झाकणाला विचारतो ना आपण,
निघतोस का रे, तसं."
मी विचारलं.
"अजून."
विचारलं.
आणि मग मी, त्यांचीच मुलगी असून,
ओढलं.

असा आवाज मी दातांच्या डॉक्टरकडे ऐकलाय.
हीटसिंक माझ्या हातात
आणि त्याच्या पोटाला चिकटून आलेला प्रोसेसर.
सॉकेटची दांडी अजून खालीच, बंद.
कुलूप तसंच आणि आतला पसार.

अण्णा काही बोलले नाहीत.
मी त्यांच्याकडे बघितलं नाही.
जिन्यावरून कुणीतरी गॅसची टाकी उतरवत होतं,
पायरी, पायरी, पायरी.
मग म्हणाले, "पिना मोज."
"नऊशेच्या वर आहेत, अण्णा."
"वाकलेल्या मोज."

सहा.

आईच्या डब्यातला शिवणाचा दोरा
फटीत घालून करवतीसारखा ओढला
(इथं ओढायचं, ते म्हणाले),
तेव्हा दोघं सुटे झाले.
कोरोनातला उरलेला सॅनिटायझर, जुन्या बनियनचा तुकडा,
राखाडी चिखल पुसला तशी बारीक अक्षरं वर आली.
भिंगातून अण्णांनी वाचली.
"जर्मनीत जन्म, मलेशियात बारसं,"
पहिल्यांदाच हसले,
"आणि करपायला आला बोपोडीत."

शिसं काढलेली पेन्सिल घेतली,
तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर चढवून
केसभर उभं करायचं.
मोबाइलचा उजेड त्यांनी धरला.
मी नको म्हणणार होते.
उजेड हलायचा,
आणि त्या सोनेरी रांगांच्या सावल्या
ज्वारीत वारा शिरावा तशा इकडून तिकडे.
"टेबलावरचा दिवा लावतेस का?"
"नको. दिसतंय."
दिसत नव्हतं. पण थोड्या वेळानं कळलं,
उजेड ठरावीक वेळानं पिनेवरून जातो,
आणि गेला की परत येतो.
तेवढ्यात वाकवायचं.
चौथ्या पिनेपर्यंत मला सवय झाली.

पाचवीला घाम डोळ्यात गेला.
सहावी.

"दाबायचं नाही. नुसता ठेव.
जागा बरोबर असली की आपल्या वजनानं उतरतो."
ठेवला. उतरला नाही.
उचलला, भिंग, पेन्सिल, पुन्हा ठेवला.
उतरला.
तांदळाचा दाणा ताटात पडावा एवढाही आवाज नाही,
पण अण्णांची मान हलली.

"दांडी मी लावू?"
लावा, म्हटलं, आणि खुर्ची मागं घेतली.
दोनदा बोट घसरलं.
मी खिडकीतून गिरणीकडं बघत राहिले.
तिसऱ्यांदा बसली.

चालू होईल की नाही ते संध्याकाळी.
तपकीर गल्लीतून आणलेली नवी पेस्ट,
सुई नसलेल्या इंजेक्शनसारखी,
अजून पिशवीतच आहे
आणि अण्णांना चहा हवाय.