टिंब

पांढरं सगळं, कपाळावर एकच काळा ठिपका,
म्हणून टिंब.
आठ आठवड्यांचं होतं, पिशवीत मावेल एवढं.
दाजी म्हणाले, सहा महिने जाऊ दे,
अक्कल फुटू दे, मग शिकव काय शिकवायचं ते.
डॉक्टर झंवरांनी चष्मा पुसत विचारलं, कधी आणलंत?
आज सकाळी.
मग उशीर झालाय, ते म्हणाले. चार तास.
तुम्ही शिकवा, नका शिकवू, ते शिकतंच आहे.
पायपुसणं म्हणजे मोरी, एवढं आत्ताच शिकलं असेल.

घरी आलो. शिकलं होतं.

एकतीस वर्षं जेल रोडवर, जिना चढून दुसऱ्या खोलीत,
टायपिंग शिकवलं मी.
पहिले पंधरा दिवस एकच ओळ,
ए एस डी एफ, खाली न बघता.
पोरं कंटाळायची. मी टेबलावर पट्टी वाजवायचो,
कधी बोटांवरही.
(हे इथे लिहितो, कारण टिंबाला वाचता येत नाही.)

तर पहिल्या आठवड्यात पेपरची सुरळी केली
आणि आपटली, त्याच्या शेजारी, फरशीवर.
त्यातून ते एवढंच शिकलं
की माझ्यासमोर करायची नाही,
कपाटामागे करायची.
गुडघे टेकून कपाटामागे फडकं फिरवताना
वसुधा भालेराव आठवली,
चुकलेले कागद घडी करून दप्तरात लपवणारी.
परीक्षेला बसलीच नाही ती.
मी तेव्हा म्हणालो होतो, चिकाटी नाही पोरीत.

सुरळी रद्दीत गेली.

आता उठलं की अंगणात, जेवलं की अंगणात,
खेळता खेळता गोल गोल हुंगायला लागलं
की असेल तसं उचलून अंगणात,
माझी चप्पल उलटी असली तरी.
झालं, की तिथेच, त्याच क्षणी,
शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा.
आत येऊन दिला तर त्याला वाटतं
उंबरा ओलांडल्याचं बक्षीस.
लसी पुऱ्या व्हायच्यात, म्हणून रस्ता कडेवरूनच:
ही बघ कचऱ्याची गाडी, गात येते, खात नाही.
हा हेल्मेटवाला, आत माणूसच आहे.
ही वाफ पोह्यांची. हा वरातीचा बँड, लांबून, आज एवढाच पुरे.
चावलं बोटाला, तर बोट काढून चिंधी द्यायची,
तरी चावलं, तर खेळ मोडून निघून जायचं.
मला निघून जाणं जड जातं. शिकतोय.

आणि शब्द एकच, प्रमिला, घरात सगळ्यांनी तोच.
‘बस’ ठरला.
तुकडा नाकापासून वर, मागे,
मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकतं,
तेव्हा म्हणायचं, बस.
दोन मिनिटं, दिवसातून चारदा. कंटाळायच्या आत थांबायचं,
त्याच्या नाही, आपल्या.

पण हे इंदूर.
आमच्या मराठीचं बस आणि शेजारच्या हिंदीचं बस
एकाच फाटकातून आत येतात.
दूधवाला पातेल्यात ओततो, प्रमिला म्हणते, बस भैया,
टिंब बसतं.
भिंतीपलीकडे चौकसे भाभी नणंदेला फोनवर,
बस, अब और नहीं.
टिंब बसतं.
पाहुणे ताटावर हात आडवा धरून, बस बस बस,
तेव्हा ते गोंधळतं,
बसलेल्याने आणखी दोनदा कसं बसायचं,
मग शेपटी आपटतं आणि जास्त बसतं.

काल दाजी आले. सोफ्याचा कुरतडलेला कोपरा बघून म्हणाले,
तुझी ती पट्टी कुठे गेली रे?
त्या पट्टीने दोन-तीनशे पोरं सरळ केलीस.
मी उत्तर द्यायला लागलो आणि आवाज चढत गेला,
सरळ कोण झालं, कोण झालं सरळ,
नाव सांगा एक,
हात हलवत, चहा सांडत.

प्रमिलाने फक्त माझ्याकडे पाहिलं.
म्हणाली, बस.

टिंब बसलं. मीही बसलो.
पनीर एकालाच मिळालं.