बट्टा

शेठ म्हणतात, येमूलबाई,
कोलंबोला टॉवेल, ढाक्याला टॉवेल,
आणि मधल्या मधे डॉलर खातो.
शेजारपाजारचं मिळून एकच नाणं हवं.

मी बिलावर शिक्का मारते.
मागं माग धडधडतायत.

वडील सांगायचे, मंगळवारच्या बाजारात
गुरसिद्धप्पा गोणपाट टाकून बसायचा.
नळदुर्गाकडून माणसं निजामाची हाली घेऊन येत,
हा कलदार मोजून देई.
शंभर कलदाराला एकशे सोळा हाली, वर थोडे आणे.
एखाद्या साली एकशे वीस मागायचा,
आणि बाजाराला कळायचं,
तिकडं ज्वारी गेली.

मग हाली बंद झाली. हिशोब सोपा झाला.
गुरसिद्धप्पा विडीची पानं विकू लागला.
तिकडची ज्वारी नंतरही जायची,
भावात दिसायची नाही, एवढंच.

शेठ, करा एक नाणं.
पण ते पाडणार कुठं?
आणि सोलापूरला ताप आला
तर कुणाच्या हाताला लागेल?

शेठ म्हणतात, आजचा भाव बघा.
बघते.

पगार मी घरी तेलुगूत मोजते,
भाजीवालीशी कन्नडात भांडते,
वही मराठीत.
अजून तरी कुणी बट्टा कापला नाही.