बायोडेटा, सुधारित प्रत

गोखले रोडच्या मागच्या गल्लीत
पोळी-भाजी केंद्राला चिकटून माझं डीटीपीचं दुकान,
दीड माणूस मावेल एवढं.
मेजर जनरल हेमकांत ताम्हाणे, निवृत्त,
अर्धे बाहेर उभे राहून सांगत होते,
मी टाइप करत होते.

जन्म चोपन्न साली, चेंदणीत.
कमिशन पंच्याहत्तर, आर्मी सर्व्हिस कोअर.
"म्हणजे पोटापाण्याचं खातं," ते म्हणाले,
"बंदुका दुसऱ्यांच्या. आमच्याकडे तांदूळ, रॉकेल, अंडी."

मग लेह. तेजपूर. जोधपूर.
महूला शिकवणं, दिल्लीत फायली, पुन्हा लेह.
दर ओळीला दोन वर्षं,
दर ओळीला एक आवरलेलं घर, मुलीची एक नवी शाळा.
हे त्यांनी सांगितलं नाही,
दोन ओळींमधलं अंतर ठरवताना मलाच दिसलं.

पदं चढत जातात तशी अक्षरं ठळक करू का, विचारलं.
"नको. सगळी एकाच मापाची."

सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर ते अठ्ठ्याऐंशीचा ऑक्टोबर
रिकामा राहतोय, सर.
"राहू दे."

मग आलं: संशोधनाचे विषय.
इथे माणूस अडला.
अतिउंच प्रदेशातील रसदपुरवठा, म्हणाले.
पुसायला लावलं.
डोंगरी वाहतुकीचं व्यवस्थापन, एक तौलनिक अभ्यास.
तेही पुसलं.
शेजारी पोळ्या फुगत होत्या, तव्याचा धूर आत येत होता.
शेवटी, कोठारातून काही चोरून नेत असावेत इतक्या हळू,
"खेचरं."
तसंच घालू?
"घाला."

त्यांची गाइड पस्तिशीची.
ते तिला मॅडम म्हणतात,
ती त्यांना प्रकरण उशिरा दिल्याबद्दल झापते,
आणि ते हे मला कौतुकाने सांगतात.

वर्षभर पानं येत राहिली.
मला कळत गेलं,
की खेचर बहात्तर किलो उचलतं,
की त्याला नाव नसतं, खुरावर डागलेला नंबर असतो,
की रजिस्टरात ते कंबल आणि कंदिलांच्या मधे कुठेतरी येतं.
प्रस्तावनेत एक वाक्य होतं:
जिथे खेचर पाऊल टाकत नाही तिथे नकाशा चुकलेला असतो.
दुसऱ्या दिवशी येऊन काढायला लावलं.
"याला संदर्भ काय देणार?"

मी बारा वर्षं याच स्टुलावर आहे.
"तुमचा अभ्यास कशाचा?" एकदा त्यांनी विचारलं.
लोक काय गाळतात त्याचा, म्हणाले मी.
हसले नाहीत.

बांधणीच्या आदल्या संध्याकाळी
एक चिठोरं घेऊन आले, हाताने लिहिलेलं.
तळटीप एकशे चौदा:
*खूर क्रमांक ४७३. हाकणारा शिपाई निवृत्ती ढेंबरे.*
*दोघेही थांबले होते.*
*पुढे चला, असे मी सांगितले.*

एवढंच?
"एवढंच."
मग चष्मा काढून, पुसून,
"तळटीप लहान अक्षरात असते ना?"
हो. नऊची.
"बघा, बाराची होते का."

झाली.
पान दोनशे सहावर तळ जड झाला,
वरचा मजकूर चार ओळी वर सरकला,
दोन ओळी पुढच्या पानावर गेल्या.
मरून कापड, सोनेरी अक्षरं, पाच प्रती.

महिन्याने विद्यापीठातून एक प्रत परत आली.
शेऱ्यात लाल शाई: मांडणीत दोष, पा. २०६.

ते दारात, नेहमीसारखे अर्धे बाहेर.
फाइल उघडून मी वाट पाहत होते.
बदलू का, सर?
तेवढ्यात पोळीवाल्या सुमतीबाईंनी विचारलं, किती देऊ.
"दोन," त्यांनी तिला सांगितलं,
आणि सुटे मोजत राहिले.