असंबद्ध

बारदान फाट्यावर, बंद रसवंतीच्या ओट्याशी
तो कुशीवर पडलेला, आणि भोवती आठ-दहा जण
स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून
निकाल देऊन मोकळे:
"टाइट आहे मॅडम. वास बघा ना."

वास होता.
शर्टाला, केसांना, नखांच्या कडांना
आंबलेल्या द्राक्षांचा.
मी वाकले, नाक त्याच्या तोंडाजवळ नेलं.
तोंडाला नव्हता.
कॉलरपासून ओठांपर्यंत अंतर ते किती,
चार बोटं.

आधी हाक मारली. काका, ओ काका.
मग खांदा हलवला. मग छातीच्या हाडावर
मुठीची पेरं रगडली, दुखेल अशी.
डोळे उघडले, पण माझ्यावर टेकले नाहीत,
माझ्यातून आरपार धरणाच्या दिशेला गेले.
नाव काय तुमचं?
"दोन नंबर उघडी राहिली."
कुठे आहात आत्ता?
"दोन नंबर."
आज वार कोणता?
"अरे, बंद करा ना कोणी."
"म्हणजे दोन नंबरचीच मारलीय," कोणीतरी म्हणालं,
आणि थंडीतही गर्दीला हसू फुटलं.

मी कागदावर लिहिलं: बोलणं असंबद्ध.

रज्जाकभाईंनी टॉर्च धरला.
बाहुल्या सारख्या, उजेडाला आकसणाऱ्या.
डोक्यामागे हात फिरवला,
रक्त नाही. घाम.
जानेवारीतलं नाशिक, शेकोटीपाशीसुद्धा दात वाजतायत,
आणि ह्याचं बनियन पिळून निघालं असतं.
तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल,
हात पिशवीत आधीच गेला होता.

बोटाला सुई, पट्टीवर थेंब.
"चौतीस," मी मोठ्याने म्हणाले.
"वयाने जास्त वाटतो," मागून कोणी बोललं.

खिशात साखरेच्या गोळ्यांची पट्टी, एक घर फुटलेलं.
वायनरीचं ओळखपत्र: हिरामण बेंडकुळे, टाकी सफाई.
पिशवीत डबा, फडक्याची गाठ तशीच.

शीर सापडायला दोन टोचे लागले.
मग ग्लुकोज, हळू, मधासारखं जड.
ते जात असताना मी चेहरा बघत बसते.
तुपाला शुद्ध म्हणतात, लेखनालाही म्हणतात,
आणि माणसाची हरपते तीसुद्धा शुद्धच.
ती परत येते तेव्हा
सोबत आधी लाज येते:
त्याने शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

"हिरामण. बारदान फाटा. शुक्रवार ना आज?"
शाळेतल्या पोरासारखं ओळीने.
मी पैकीच्या पैकी दिले.
आणि मग, मनगट धरून:
"मॅडम, दोन नंबरची टाकी. पाणी चालू राहिलंय.
आठवलं तसा परत निघालो होतो."

त्याच्याच फोनवरून वॉचमनला उठवलं.
जांभई, किल्ल्यांचा जुडगा, सिमेंटवर चपला,
मग चपलांचा आवाज बदलला.
"घोट्यापर्यंत आहे हो," तो म्हणाला.

आता बरा आहे, उतरतो, म्हणून हटून बसला.
काका, गोळी अजून पोटात आहे, साखर पुन्हा उतरेल.
ऐकेना. शेवटी रज्जाकभाई आरशातून म्हणाले,
"डबा तरी खा, तोवर येतंच सिव्हिल."
त्याने गाठ सोडली.
अशोकस्तंभाचे सिग्नल पिवळे उघडझाप करत होते,
गाडीभर भाकरीचा आणि द्राक्षांचा वास.

सिव्हिलच्या दारात कागद द्यायचा होता.
असंबद्ध हा शब्द खोडता येत नाही,
दोन चाळीसला तो खराच होता.
पुढे अर्ध्या इंचाची जागा उरलेली, तिथे लिहिलं:
टाकी क्रमांक दोन.

"हे काय?" सिस्टरने विचारलं.